नाच लिहिणे, नाच रचणे, नाच बसवणे

मराठीत नाच बसवतात. नाटक बसवतात, समूहगीत बसवतात, लेझीम बसवतात, आणि तालमीला आठ दिवस होऊनही मुलींची पावले एकत्र पडत नसली की बाई कंबरेवर हात ठेवून म्हणतात, "अजून बसला नाही नाच." हात बसणे, घडी बसणे, मेळ बसणे, जम बसणे असे आपण ज्या अर्थाने म्हणतो, त्याच कुळातले हे बसणे आहे. एकाच्या मनात असलेली हालचाल दुसऱ्याच्या अंगात मुरावी, तिने तिथे ठाण मांडावे आणि मग ती त्या दुसऱ्याचीच वाटावी, एवढा सगळा अर्थ या साध्या क्रियापदात मावला आहे. पण त्याच कार्यक्रमाची पत्रिका छापायला जाते तेव्हा हे क्रियापद तालमीच्या खोलीतच राहते आणि कागदावर 'नृत्यदिग्दर्शन' किंवा 'कोरिओग्राफी' असा शब्द उतरतो.

हा शब्दबदल निरुपद्रवी आहे असे मला वाटत नाही. नाच तयार करणाऱ्या माणसाने नेमके काय केले, ते कोणाच्या मालकीचे, त्याचे नाव कोठे छापायचे आणि मोबदला कशाबद्दल द्यायचा, हे प्रश्न शेवटी त्या कामाला आपण काय म्हणतो यावर येऊन ठेपतात. म्हणून 'कोरिओग्राफी' हा शब्द कोठून आला, वाटेत त्याचा अर्थ कसा पालटला आणि त्याच्या जागी मराठीने कोणता शब्द ठेवावा, याचा विचार नर्तकांवर सोडून न देता लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या सर्वांनी करायला हवा.

शब्दाची दोन्ही मुळे ग्रीक आहेत. 'खोरेइया' म्हणजे समूहाने गात केलेले नृत्य आणि 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. नाचणाऱ्या-गाणाऱ्या त्या समूहाला 'खोरोस' म्हणत आणि आपल्या नाटकांतून रुळलेला 'कोरस' त्याचाच वंशज आहे. 'ऑर्केस्ट्रा' ही मुळात हा समूह जेथे नाचे ती रंगस्थळापुढची मोकळी जागा होती. आज आपण वाद्यवृंदाला त्या नावाने ओळखतो. मात्र मुळे ग्रीक असली तरी जोडशब्द त्या काळच्या ग्रीकांचा नाही. प्राचीन अथेन्समध्ये समूहाला नृत्यगायन शिकवून तयार करणाऱ्याला 'खोरोदिदास्कालोस', म्हणजे समूहाचा शिक्षक, असे म्हणत. हे काम पुष्कळदा नाटककार कवी स्वतःच करी आणि नाट्यस्पर्धांच्या नोंदींत अमुक कवीने नाटक सादर केले हे सांगण्यासाठी 'शिकवले' हेच क्रियापद वापरले जाई. खर्च उचलणारा 'खोरेगोस' वेगळा असे. आपल्याकडे चित्रपटाच्या सेटवर नाच बसवणाऱ्याला 'मास्टरजी' म्हणतात आणि गावात 'डान्स मास्तर' म्हणतात, ते अडाणीपणाचे लक्षण समजून आपण ओशाळतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सकरांना त्यात ओशाळण्यासारखे काही वाटले नसते.

लेखनाचा संबंध आला तो फार उशिरा आणि तो फ्रान्समध्ये आला. १५८९ साली लांग्र गावच्या एका धर्माधिकाऱ्याने, तोआनो आर्बो या टोपणनावाने, तत्कालीन नाचांवर गुरुशिष्यसंवादाच्या रूपात एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याला 'ओर्केझोग्राफी', म्हणजे नर्तनलेखन, असे नाव दिले. त्यानंतर १७०० साली पॅरिसच्या राउल-ओझे फ्योए या नृत्यशिक्षकाचे 'कोरेग्राफी' हे पुस्तक निघाले. चिन्हे आणि आकृत्या यांच्या साहाय्याने नृत्य लिहून काढण्याची कला असा त्या नावाचा खुलासा शीर्षकातच होता. या पुस्तकातले पान डोळ्यांसमोर आणले म्हणजे मूळ अर्थ लख्ख कळतो. पानाच्या माथ्यावर सुरावटीची ओळ. तिच्याखाली जमिनीचा जणू छतावरून पाहिलेला नकाशा. त्यात नर्तक जेथून जेथे जाईल ती वळणावळणाची रेघ. सुरावटीचे भाग पडतात तिथे त्या रेघेला आडव्या बारीक खुणा. आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय वाकवावा, उचलावा, घसरवावा की उडी घ्यावी हे सांगणारी किड्यामुंग्यांएवढी चिन्हे. 'कोरेग्राफी' म्हणजे हे पान. नाच मनात घडवण्याच्या क्रियेला हा शब्द तेव्हा लागू नव्हता. घडलेला नाच कागदावर उतरवण्याच्या लिपीचे ते नाव होते.

आणि या शब्दाच्या जन्माबरोबरच श्रेयाचे भांडणही जन्मले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. चौदाव्या लुईच्या दरबारातले नृत्यगुरू पिएर बोशां यांनी १७०४ साली तक्रार केली की ही चिन्हपद्धती मुळात आपली आहे. पुस्तकावर नाव फ्योएचे होते आणि जगाने तेच लक्षात ठेवले. लिहून छापणारा पुढे आणि करून दाखवणारा मागे, हा क्रम तेव्हापासून चालत आला आहे.

पुढची दीड-दोन शतके युरोपात नृत्य रचणाऱ्याला 'बॅले मास्टर' असेच म्हणत. म्हणजे पुन्हा शिक्षकच. ज्यांच्या जन्मदिवशी, २९ एप्रिलला, १९८२ पासून जागतिक नृत्यदिन साजरा होतो ते झां-जॉर्ज नोव्हेर हेही बॅले मास्टरच म्हणवले गेले. १७६०च्या आपल्या पत्रसंग्रहात त्यांनी 'कोरेग्राफी' हा शब्द लिपी याच अर्थाने वापरला आणि या लिपीने नर्तकाचे फारसे भले होत नाही अशी टीका केली. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी हळूहळू शब्द लिपीवरून सरकून रचनेवर आला. हे सरकणे काहींना खटकलेही. १९३५ साली पॅरिसमध्ये सेर्ज लिफार यांनी 'नृत्यलेखक' या अर्थाच्या जुन्या शब्दाऐवजी 'नृत्यकर्ता' या अर्थाचा नवा शब्द सुचवला, कारण लिहिणे वेगळे आणि निर्माण करणे वेगळे, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. तो शब्द रुजला नाही. १९३६ साली न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या 'ऑन युअर टोज' या संगीतिकेसाठी जॉर्ज बॅलन्शिन यांनी आपल्या नावापुढे नुसते 'नृत्ये' असे न छापता 'कोरिओग्राफी' असे छापावे असा आग्रह धरला, आणि मग नाटकचित्रपटांच्या जगात तोच शब्द रूढ होत गेला. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ साली नृत्याची नवी शास्त्रशुद्ध लिपी प्रसिद्ध केली तेव्हा तिला वेगळेच नाव द्यावे लागले. जुने नाव आता नुसत्या लिपीचे राहिले नव्हते.

हा प्रवास इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की 'कोरिओग्राफी' या शब्दाभोवती आपल्याकडे शास्त्रीयतेचे एक वलय आहे. तो शब्द नेमका आहे, आपले शब्द ढोबळ आहेत, असे नृत्यवर्गांतून सर्रास बोलले जाते. प्रत्यक्षात तो आपल्या मूळ अर्थापासून पूर्ण तुटलेला, वापराने अर्थ मिळवलेला शब्द आहे. वापराने अर्थ मिळवण्यात काही वावगे नाही. सगळेच शब्द तसे मिळवतात. पण मग हीच सवलत आपल्या शब्दांनाही द्यायला हवी.

आता मराठीकडे वळू. 'नृत्यदिग्दर्शन' हा शब्द आपण चित्रपटाच्या ओघात घडवला. 'दिग्दर्शक' हा शब्द सावरकरांनी मराठीला दिलेल्या शब्दांत गणला जातो आणि तो उत्तम शब्द आहे. दिशा दाखवणारा, असा त्याचा सरळ अर्थ. नाटककाराने लिहिलेली संहिता घेऊन नटांना, नेपथ्यकाराला, प्रकाशयोजनाकाराला दिशा दाखवणारा माणूस दिग्दर्शक म्हणवला जातो ते यथार्थच आहे. पण नाच रचणाऱ्यापुढे संहिता कोठे असते? त्याच्यापुढे एक चाल असते, एक ताल असतो, काही वेळा काही ओळी असतात; उठणारा प्रत्येक हात आणि वळणारी प्रत्येक मान त्याला शून्यातून आणायची असते. तो दुसऱ्याने केलेल्या वस्तूला दिशा दाखवत नाही, तर ती वस्तूच करतो. त्याला दिग्दर्शक म्हणणे म्हणजे कवीला काव्यवाचक म्हणण्यासारखे आहे.

संगीतात आपण किती काळजी घेतो ते पाहा. शब्द लिहिणारा गीतकार, चाल लावणारा संगीतकार, वाद्यांची मांडणी करणारा संगीत संयोजक आणि म्हणणारा गायक, अशी चार कामे चार नावांनी ओळखली जातात आणि सामान्य रसिकालाही त्यांतला फरक कळतो. एखाद्या भावगीताची चाल कोणाची हे आपण चहाच्या टेबलावर हिरिरीने सांगतो. नृत्यात मात्र रचणारा, शिकवणारा, मूळ रचना पाहून ती दुसऱ्या संचावर चढवणारा आणि तालमी घेणारा साहाय्यक हे सगळे एकाच शब्दाच्या गोणीत कोंबलेले आहेत. चित्रपटसृष्टीलाही याची जाण उशिराच आली. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ पासून दिले जात होते, पण नृत्यरचनेसाठी पुरस्कार सुरू झाला तो १९८९ साली. 'तेजाब'मधल्या नाचासाठी सरोज खान यांना तो पहिल्यांदा मिळाला. त्याआधीच्या साडेतीन दशकांतले पडद्यावरचे सगळे नाच कोणी तरी रचलेलेच होते.

आपल्या जुन्या वाङ्मयात या कामासाठी शब्द नव्हते काय, असा प्रश्न कोणी विचारील. होते, आणि ते विचार करायला लावणारे आहेत. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ 'करणे', म्हणजे हातापायांच्या एकत्रित हालचालींचे घटक, आणि ३२ अंगहार सांगितले आहेत. करणे एकापुढे एक जोडली की अंगहार होतो. त्याच अध्यायात समूहाने साधायच्या आकृतिबंधांचे चार प्रकार आहेत आणि त्यांतल्या दोघांची नावे 'शृंखलिका' आणि 'लताबंध' अशी आहेत: एक साखळी, दुसरी वेलींची गुंफण. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचा सातवा आणि शेवटचा अध्याय नर्तनाचा आहे. याच ग्रंथात 'वाग्गेयकार' हा सुंदर शब्द येतो. गीतातले शब्द म्हणजे 'मातू', गीताची सुरावट म्हणजे 'धातू', आणि दोन्ही ज्याला साधतात तो वाग्गेयकार. आपल्याच भूमीत सुमारे आठशे वर्षांपूर्वी गीताच्या कर्त्याची इतकी बारीक ओळख ठेवली गेली होती.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते तंजावरचे उदाहरण. तिथल्या मराठा राजांपैकी दुसरे सरफोजी, ज्यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले, त्यांच्या नावावर नृत्यासाठी रचलेल्या मराठी प्रबंधांचा एक संग्रह आहे आणि त्याचे नाव आहे 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस'. तो सरस्वती महाल ग्रंथालयाने छापला आहे. जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, कौतुव, मंगल अशा क्रमाने पुढे जाणारी निरूपणे त्यात आहेत. एक निरूपण म्हणजे एका सूत्रात बांधलेला नृत्याचा आख्खा कार्यक्रम. भरतनाट्यमचा आज चालणारा क्रम ज्यांनी घडवला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू याच दरबाराशी संबंधित होते. शीर्षकातला 'कोर्वे' हा शब्द तमिळ 'कोर्वै' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ ओवणे, गुंफणे. 'जिन्नस' अरबीतून आलेला, 'साहित्य' संस्कृतातला, आणि षष्ठीचे प्रत्यय मराठीचे. तीन परंपरांतले शब्द एका मराठी नावात इतक्या सहजपणे नांदताना पाहिले की परक्या शब्दांच्या भीतीने केलेली शब्दनिर्मिती आणि आत्मविश्वासाने केलेली शब्दनिर्मिती यांतला फरक कळतो. मूळचे मालवणचे असलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी मुंबईत राहून ही निरूपणे वर्षानुवर्षे अभ्यासली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर आणली, तेव्हा कुठे महाराष्ट्राला आपल्या भाषेतल्या या ठेव्याची ओळख झाली. वहीतल्या शब्दांवर हालचाली मात्र पार्वतीकुमारांना नव्याने रचाव्या लागल्या. साहित्य लिहून राहिले होते. नाच तसा राहिला नव्हता.

अंगहार, शृंखलिका, लताबंध, कोर्वे, प्रबंध आणि फारसीतून आलेली कथकातली बंदिश हे शब्द ओळीने ठेवून पाहावेत. सगळे बांधण्याचे, ओवण्याचे, जोडण्याचे आहेत. लिहिण्याचा एकही नाही. कोकणात आणि गोव्यात शिगम्याला गोफ खेळतात, त्यात तर हा अर्थ डोळ्यांना दिसतो. मांडवाच्या मध्यभागातून लोंबणाऱ्या रंगीत दोऱ्यांचे एकेक टोक हातात धरून नाचणारे एकमेकांच्या आतून बाहेरून फिरतात, तशी वर वेणी विणली जाते. मग उलट्या फेऱ्यांनी ती तितक्याच बिनचूक उकलली जाते. एखाद्याचे पाऊल चुकले की गाठ पडते आणि ती सगळ्यांना दिसते. नाचाची नोंद त्या दोऱ्यांत असते आणि नाच संपता संपता ती पुसली जाते. उलट वारली चित्रातला तारपा नाच पाहावा: मध्ये तारपावाला, त्याच्याभोवती कमरेला हात घालून वळत गेलेली माणसांची सर्पिल रांग, आणि सगळे जणू आभाळातून पाहिल्यासारखे. फ्योएच्या पानावरच्या रेघेला याहून जवळचे नातेवाईक सापडायचे नाही. नाचाचे लेखन असा 'कोरिओग्राफी'चा धात्वर्थ घ्यायचा तर ती आपल्याकडे डहाणू-जव्हारच्या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने केलेली आहे.

लावणीशी मात्र हा शब्द मुळीच जुळत नाही, आणि माझ्या मते या चर्चेची खरी कसोटी लावणीच आहे. बैठकीच्या लावणीत कलावंतीण बसूनच एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आणि दर वेळी तिचा नवा अर्थ डोळ्यांतून, बोटांतून, पदराच्या टोकातून काढते. यमुनाबाई वाईकरांनी एखादी ओळ दहा वेळा घोळवली तर अदा दहा निघत. त्या आधी लिहिलेल्या नसत, कोणी बसवलेल्याही नसत. आईकडून, मावशीकडून, फडातल्या जुन्या बाईकडून अंगात उतरलेल्या शेकडो अदांतून त्या क्षणी निवडून रचलेल्या असत. शब्द लिहिणाऱ्या शाहिराचे नाव मात्र लावणीच्या शेवटच्या ओळीतच गुंफलेले असते. होनाजी बाळा तिथे भेटतात, रामजोशींची 'कविराय' ही नाममुद्रा तिथे येते. दोनशे वर्षे ते नाव टिकले, कारण ते शब्दांत होते. त्याच लावणीवरचा पहिला नाच, पहिली अदा ज्या बाईने रचली तिचे नाव कोठेही नाही, कारण तिची ओळ तिच्या शरीरात होती. आपण ज्याला निनावी लोकपरंपरा म्हणून गौरवतो तिच्यातला पुष्कळसा भाग निनावी नव्हता. नाव टिपून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही, इतकेच.

शिकलेल्यांच्या रंगभूमीवरही फार निराळे घडत नाही. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आले. त्यातली झुलती, गाती, वळून पाठ करून उभी राहणारी आणि क्षणात दरबार, रस्ता किंवा पडदा होणारी ब्राह्मणांची रांग ज्यांनी पाहिली त्यांच्या मनातून ती कधी जात नाही. या नाटकाविषयी आपण बोलतो तेव्हा विजय तेंडुलकर, जब्बार पटेल आणि भास्कर चंदावरकर ही तीन नावे आपसूक ओठांवर येतात. ती रांग पावलांत बांधणारे कृष्णदेव मुळगुंद यांचे नाव चौथे येते, आणि बऱ्याचदा येतच नाही. माणसांच्या भिंतीची कल्पना, तिचे नाट्यगत प्रयोजन आणि तिच्या प्रत्यक्ष हालचाली यांत प्रत्येकाचा वाटा आहे, हे खरेच. पण तो वाटा वेगळा सांगण्यासाठी शब्दही वेगळा लागतो. नुसते 'नृत्यदिग्दर्शन' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, मधे दोन गाण्यांवर नाच होता, तो यांनी बसवला असेल.

कायद्यात तर शब्दाची व्युत्पत्ती अजून जिवंत आहे. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येनुसार नृत्यरचना ही 'नाट्यकृती'त मोडते. अट अशी की तिची मांडणी लेखी किंवा अन्य प्रकारे स्थिर केलेली असली पाहिजे. कन्नड लेखक शिवराम कारंत यांनी घडवलेल्या यक्षगान नृत्यनाट्याच्या हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा २००९च्या निकालातही अशी कृती नाट्यकृती ठरते, ती साहित्यकृतीहून वेगळी, असे स्पष्ट झाले. 'अन्य प्रकारे' या शब्दांमुळे आता चित्रफितीला जागा आहे, हे चांगलेच आहे. तरी ज्याची कोणी नोंद केली नाही तो नाच कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नाही. फडातल्या बाईने रचलेल्या अदा पाहून कोणी त्या शहरातल्या रंगमंचावर किंवा पडद्यावर नेल्या, तर हक्क नेणाऱ्याचा धरला जातो, कारण स्थिर त्याने केले. 'ग्राफी' हा प्रत्यय येथे नुसता प्रत्यय राहत नाही. लिहू शकणाऱ्याकडे मालकी सरकवणारी ती एक कळ होते.

लेखनाला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. कथक शिकणाऱ्या प्रत्येक मुलीकडे एक वही असते. तालाच्या मात्रा आखलेल्या, समेला फुली, खालीला शून्य, आणि खाली तोडा, परण, तिहाई यांचे बोल सुवाच्य अक्षरात. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' सुरू केली तेव्हापासून अशा कित्येक वह्या भरल्या असतील. त्या वह्या नसत्या तर कितीतरी बंदिशी हरवल्या असत्या. पण त्याच वहीत शेवटच्या 'धा'वर नजर कोठे जावी, मनगट किती वळावे, श्वास कोठे घ्यावा हे नसते. ते गुरूच्या समोर उभे राहूनच मिळते. लिहिणे हा नाचाचा एक अंश टिकवण्याचा उपाय आहे. संपूर्ण कामाला त्या अंशाचे नाव देणे मला पटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मराठीत या निर्मितीला 'नृत्यरचना' आणि ती करणाऱ्याला 'नृत्यरचनाकार' म्हणावे. 'रचणे' हे आपले रोजचे क्रियापद आहे. शेतकरी कडब्याची गंजी रचतो, गवंडी विटा रचतो, कवी ओवी रचतो. एकावर एक, एकापुढे एक अशी ठेवण की सगळे मिळून उभे राहावे. नाचाचे काम हेच आहे. 'नृत्यसंरचना' असाही शब्द काही जण वापरतात, पण त्यातला उपसर्ग शब्द जड करतो आणि अर्थात भर घालत नाही. 'नृत्यदिग्दर्शन' हा शब्द टाकून द्यावा असे नाही; नृत्यनाट्याचा सगळा प्रयोग ज्याच्या देखरेखीखाली उभा राहतो, नर्तक, प्रकाश, वेश, संगीत यांना जो एका दिशेने नेतो, त्याच्यासाठी तो नेमका आहे. आणि दुसऱ्याची रचना किंवा परंपरेने आलेला नाच जो नव्या अंगांत उतरवतो त्याच्यासाठी 'बसवणे' हे क्रियापद पत्रिकेवर निःसंकोच छापावे. तो कमी प्रतीचा शब्द नाही. अथेन्सच्या शिलालेखांत 'शिकवले' म्हणून जे कोरले गेले त्याच मानाचा तो आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की 'कोरिओग्राफर' हा शब्द आता मुलामुलींच्या तोंडी बसला आहे, तो काढून काय मिळणार? बोलण्यातून तो काढावा असे मी म्हणतच नाही. तो राहील आणि राहू द्यावा. माझा आग्रह पत्रिका, पुरस्कारांची नावे, करारपत्रे, अनुदानाचे अर्ज आणि अभ्यासक्रम यांपुरता आहे, कारण तिथे शब्दावरून पैसे आणि श्रेय ठरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रचणारा आणि बसवणारा हे बहुधा एकच असतात, तालमीत नर्तकांकडूनही निम्म्या गोष्टी येतात, मग हा भेद कृत्रिम नाही का? भेद धूसर आहे हे मी मान्य करतो. पण चाल लावणारा आणि वाद्यमेळ बांधणारा हेही अनेकदा एकच असतात, म्हणून आपण दोन शब्द सोडून दिले नाहीत. एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी छापतो. नर्तकांनी तालमीत भर घातली असेल तर तेही लिहिता येते, आणि ते लिहिण्याची सोय 'रचना' या शब्दात 'दिग्दर्शना'पेक्षा कितीतरी जास्त आहे. रचना अनेकांची सामाईक असू शकते.

गेल्या डिसेंबरात एका गावच्या शाळेच्या संमेलनाची तालीम मी संध्याकाळभर पाहत बसलो होतो. सभागृहाच्या शहाबादी फरशीवर बाईंनी खडूने चौदा गोल काढले होते, प्रत्येकात मुलीच्या नावाचे पहिले अक्षर, आणि गोलागोलांमधून वळत जाणारे बाण. हातात चौकटीच्या वहीचे पान होते. त्यावर तोच नकाशा लहान करून काढलेला. फ्योए किंवा लाबान ही नावे त्यांनी ऐकली नसावीत. गाणे चित्रपटातले होते. पहिली दोन कडवी त्यांनी मोबाईलवर पाहून जशीच्या तशी घेतली होती. तिसऱ्या कडव्याला पडद्यावर दोनच माणसे नाचतात आणि इथे चौदा मुली होत्या, शिवाय त्यांतल्या एकीच्या पायाला दुखापत झाल्यामुळे तिला उडी मारता येत नव्हती. ते कडवे बाईंनी स्वतः रचले होते: दुखऱ्या पायाची मुलगी मधोमध उभी, बाकीच्या तेराजणी तिच्याभोवती आतून बाहेरून फिरणाऱ्या, आणि शेवटच्या ओळीला तिने फक्त हात वर केला की सगळ्या जागच्या जागी थबकणाऱ्या. छापलेल्या पत्रिकेत त्या नाचापुढे गाण्याचे नाव, चित्रपटाचे नाव आणि इयत्ता एवढेच होते. तिथे दोन ओळींची जागा नक्कीच होती. पहिल्या ओळीत, मूळ नृत्यरचना अमुक यांची, बसवले अमुक बाईंनी. दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या कडव्याची नृत्यरचना बाईंची.